किल्ली दुसऱ्या कुलपाला लागते का?
गूढ लिपी आणि दडलेले अर्थ उलगडणाऱ्या पुस्तकांविषयी

‘गूढ उकलले’ असे मुखपृष्ठावर छापलेले पुस्तक हाती आले की मी त्यात एक विशिष्ट जागा शोधतो. लेखकाने स्वतःची एखादी लाडकी कल्पना पुराव्यापुढे टाकून दिली, असे त्यात कुठे आहे का? अशी जागा सापडली तर मी पुस्तक सावकाश, पेन्सिल घेऊन वाचतो. नाही सापडली, तर पुस्तक रंजक असेल, विद्वत्तेने भरलेले असेल, पण ते उलगड्याचे पुस्तक नसण्याचीच शक्यता जास्त.

लिपी आणि संकेत यांच्या पुस्तकांचे वेड मला गेली वीस-पंचवीस वर्षे आहे. माझे औपचारिक शिक्षण ना भाषाशास्त्रातले, ना पुरातत्त्वातले. जे काही समजले ते ग्रंथालयांतून आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून. त्यामुळे या विषयातला एक प्रश्न मला इतरांपेक्षा अधिक टोचतो. या क्षेत्रात अनेक मोठे शोध विद्यापीठाबाहेरच्या माणसांनी लावले आणि सर्वांत मोठे भ्रमही त्यांच्यासारख्यांनीच पसरवले. मग खरा उलगडा आणि उलगड्याचा आभास यांत फरक कसा करायचा? पदवी पाहून तो करता येत नाही, हे उघड आहे. प्रस्तुत लेखात काही पुस्तकांच्या आधारे त्या फरकाचा माग घेतला आहे.

आवाजाविना बाराखडी

या विषयावरचे सर्वोत्तम पुस्तक कोणते, असे कोणी विचारले तर मी जॉन चॅडविक यांचे ‘द डिसायफरमेंट ऑफ लिनियर बी’ (१९५८) हे नाव सांगतो. पुस्तक लहान आहे आणि त्याचा स्वर शांत आहे. क्रीट बेटावर क्नोसॉस येथे सर आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली उत्खनन सुरू केले. तिथे मातीच्या पाट्यांवर जी लिपी सापडली तिला त्यांनी ‘लिनियर बी’ म्हटले. इव्हान्स १९४१ साली वारले, तोवर ती वाचता आलेली नव्हती. १९५२ साली ती वाचली मायकेल व्हेंट्रिस नावाच्या तिशीतल्या वास्तुविशारदाने. चॅडविक हे त्याचे सहकारी. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्याचे काम केले होते.

व्हेंट्रिसने केले काय, हे मराठी वाचकाला समजावणे सोपे आहे, कारण आपण शाळेत बाराखडी घोकलेली असते. लिनियर बीमध्ये नव्वदच्या आसपास अक्षरचिन्हे आहेत. रोमनसारख्या वर्णमालेला ती फार झाली. शब्दागणिक एक चित्र असलेल्या लिपीला फारच थोडी. म्हणजे एका चिन्हाला ‘का’, ‘को’, ‘ति’ असे एक अक्षर असणार. आता कल्पना करा की ‘घोडा, घोडी, घोडे’ हे शब्द अशा लिपीत लिहिले आहेत, जिच्यात ‘डा’, ‘डी’ आणि ‘डे’ यांची चिन्हे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. काना-मात्रा-वेलांटीचा आधार नाही. तरीही पहिले चिन्ह तेच राहून शेवटचे चिन्ह विशिष्ट पद्धतीने बदलते, असे अनेक शब्दांत दिसले, तर एवढे म्हणता येते की या तीन चिन्हांत व्यंजन एक आहे आणि स्वर वेगळे आहेत. व्यंजन कोणते, ते मात्र कळलेले नाही.

विभक्तीप्रत्ययांवरून हे प्रथम ओळखले ते ब्रुकलिन कॉलेजात शिकवणाऱ्या अ‍ॅलिस कोबर यांनी. कागदाच्या टंचाईच्या काळात त्यांनी हाती येईल त्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या लिहिल्या आणि सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवल्या. चिन्हांना आवाज देण्याची घाई त्यांनी केली नाही. १९५० साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्या वारल्या. मार्गालिट फॉक्स यांचे ‘द रिडल ऑफ द लॅबिरिन्थ’ (२०१३) हे पुस्तक कोबर यांना त्यांची जागा देते. चॅडविक यांच्या पुस्तकाला जोड म्हणून ते वाचलेच पाहिजे.

कोबर यांच्या पायावर व्हेंट्रिसने पूर्ण तक्ता उभा केला: आडव्या ओळीत समान व्यंजनाची चिन्हे, उभ्या रकान्यात समान स्वराची. म्हणजे आवाज नसलेली बाराखडी. मग त्याने एक अंदाज केला. फक्त क्नोसॉसच्या पाट्यांत येणारे काही शब्द तिथल्या गावांची नावे असतील. एका शब्दाला ‘अ-मि-नि-सो’ (अम्निसॉस हे क्नोसॉसचे बंदर) मानले, की तक्त्यामुळे इतर चिन्हांचे आवाज आपोआप ठरू लागतात. दुसरा शब्द ‘को-नो-सो’ निघाला. तो निघावा म्हणून व्हेंट्रिसला वेगळे काही करावे लागले नाही, हे इथे महत्त्वाचे.

आणि आता ती जागा, जी मी प्रत्येक पुस्तकात शोधतो. व्हेंट्रिसचे मत होते की ही भाषा इट्रस्कनच्या जवळची आहे. अठराव्या वर्षी, १९४० साली, त्याने तसा लेखही प्रसिद्ध केला होता आणि पुढची बारा वर्षे तो त्याच दिशेने पाहत राहिला. आपली टिपणे तो जगभरच्या अभ्यासकांना नियमित पाठवत असे. १ जून १९५२ च्या विसाव्या टिपणात त्याने, हे विषयांतर आहे असे सांगत, भाषा ग्रीक धरून पाहिली. महिनाभराने बीबीसीच्या रेडिओवर ती ग्रीकच असल्याचे त्याने जाहीर केले. बारा वर्षांची कल्पना त्याने आपल्याच तक्त्याच्या सांगण्यावरून सोडली.

याच्या उलट उदाहरणही चॅडविक देतात. घोड्यांची चित्रे असलेल्या एका पाटीवर, सायप्रसच्या ज्ञात लिपीतील चिन्हे लावली तर ‘पो-लो’ असा शब्द निघतो, हे इव्हान्सच्या लक्षात आले होते. ग्रीकमध्ये ‘पोलोस’ म्हणजे शिंगरू. पण क्रीटची ती संस्कृती ग्रीक नव्हती, हे इव्हान्स यांचे मत ठाम होते. त्यांनी तो योगायोग मानून बाजूला सारला. किल्ली हातात होती. ती लावायचीच नाही, हे आधी ठरले होते.

पाटी साक्ष देते

इतके झाले तरी शंका घ्यायला जागा होती. तक्ता व्हेंट्रिसचा, अंदाज व्हेंट्रिसचा. त्यातून ग्रीक निघाले म्हणून ते खरे कशावरून? उत्तर आले ते ग्रीसमधल्या पायलॉस येथून. कार्ल ब्लेगन यांना १९५२ च्या उत्खननात नव्या पाट्या मिळाल्या होत्या. व्हेंट्रिसने तक्ता तयार करताना त्या पाहिलेल्या नव्हत्या. १९५३ साली ब्लेगन यांनी त्याचे आवाज एका पाटीला लावून पाहिले आणि त्याला पत्र लिहिले.

त्या पाटीवर भांड्यांची यादी आहे आणि प्रत्येक भांड्यापुढे त्याचे चित्र. तीन पायांच्या भांड्यापुढे शब्द वाचला जातो ‘ति-रि-पो’, म्हणजे तिपाई भांडे. जिथे अशी दोन भांडी आहेत तिथे ‘ति-रि-पो-दे’. संस्कृतसारखेच जुन्या ग्रीकलाही द्विवचन असते, आणि हे रूप द्विवचनाचे आहे. पुढे कान असलेली भांडी. आपण कढईचे कान म्हणतो, तसे ग्रीकही म्हणत. चार कानांच्या चित्रापुढे ‘चार कानांचे’, तीन कानांच्या चित्रापुढे ‘तीन कानांचे’ आणि बिनकानाच्या चित्रापुढे ‘अ-नो-वे’, म्हणजे ‘कान नसलेले’. चित्र आणि शब्द ओळीने जुळत जातात.

माझ्या मते उलगडा या शब्दाचा अर्थ या पाटीवर ठरतो. एका कुलपासाठी घासून घासून केलेली किल्ली त्या कुलपाला लागते यात नवल नाही. किल्ली करणाऱ्याने न पाहिलेल्या दुसऱ्या कुलपाला ती लागली, तरच ती किल्ली.

किल्ली की पहार?

हीच कसोटी शिस्तीने मांडणारे पुस्तक म्हणजे विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन यांचे ‘द शेक्सपिरियन सायफर्स एक्झॅमिन्ड’ (१९५७). शेक्सपिअरची नाटके मुळात फ्रान्सिस बेकनने लिहिली आणि तसा गुप्त संदेश त्याने छापील मजकुरातच पेरला, असे मानणारा मोठा पंथ होता. इग्नेशियस डोनेली यांनी १८८८ साली ‘द ग्रेट क्रिप्टोग्राम’ हा जाडजूड ग्रंथ त्यासाठी लिहिला. फ्रीडमन दाम्पत्य पुढे अमेरिकेतील अग्रगण्य संकेतभेदक झाले. पण तरुणपणी त्यांची या विद्येशी गाठ पडली ती याच बेकनवाद्यांच्या एका संस्थेत. म्हणजे ज्या घरात ते शिकले, त्याच घराचा पाया त्यांनी चाळीस वर्षांनी तपासला.

त्यांचे म्हणणे सोपे आहे. उलगड्यातून निघालेला मजकूर त्या भाषेत अर्थपूर्ण हवा. आणि पद्धत इतकी घट्ट हवी की दोन माणसांनी स्वतंत्रपणे वापरली तरी उत्तर एकच यावे. डोनेलींच्या पद्धतीत कुठून मोजायचे, काय वगळायचे, हे दर वेळी बदलते. ज्या पद्धतीतून हवे ते निघते, तिच्यातून काहीच निघालेले नसते. किल्ली एकाच रीतीने फिरते. पहारीने मात्र कोणतेही दार उघडता येते.

ही पहार १९९७ साली पुन्हा बाजारात आली. मायकेल ड्रॉस्निन यांचे ‘द बायबल कोड’ जगभर गाजले. हिब्रू तोरातील ३,०४,८०५ अक्षरे सलग मांडायची, मग दर दहावे, दर पन्नासावे, दर हजारावे अक्षर उचलायचे, सरळ किंवा उलट, आणि कुठे ओळखीचे नाव दिसते ते पाहायचे. इस्राएलचे पंतप्रधान राबिन यांची हत्या (१९९५) आपल्याला आधीच अशी दिसली होती, असा लेखकाचा दावा. हिब्रू लिहिताना स्वर बहुधा गाळतात, त्यामुळे कोणत्याही तीन-चार अक्षरांतून नाव बनवणे आणखी सोपे होते.

टीकाकारांना ड्रॉस्निन यांनी आव्हान दिले: एखाद्या पंतप्रधानाच्या हत्येचे भाकीत ‘मोबी डिक’ या कादंबरीत शोधून दाखवा, मग मी मानीन. ऑस्ट्रेलियातील गणिती ब्रेंडन मॅके यांनी ते मनावर घेतले आणि त्या व्हेल माशाच्या कादंबरीतून एक नव्हे, अनेक हत्या काढून दाखवल्या. त्यांत इंदिरा गांधींचीही होती. दासबोधाचे दोनशे समास असेच सलग मांडले आणि संगणकाला कोणतेही अंतर निवडायची मुभा दिली, तर त्यातूनही उद्याच्या वर्तमानपत्राचे मथळे निघतील. त्यासाठी समर्थांना भविष्य दिसण्याची गरज नाही. मजकूर पुरेसा लांब असला की झाले.

यामागे एक गंभीर वाटणारा शोधनिबंधही होता, ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या नियतकालिकात १९९४ साली आलेला. त्यातील एक लेखक, गणिती एलियाहू रिप्स यांनी ड्रॉस्निनच्या भाकितांपासून स्वतःला जाहीरपणे दूर केले. आणि १९९९ साली त्याच नियतकालिकात मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मूळ प्रयोगात धर्मगुरूंच्या नावांची कोणती रूपे घ्यायची, याची मोकळीक होती. तेवढीच मोकळीक घेतली तर टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’च्या हिब्रू अनुवादातही तोच चमत्कार होतो.

आपल्या अंगणातले कुलूप

आता सिंधू लिपीकडे येऊ. इथे प्रश्न आपल्या अस्मितेला भिडतो आणि म्हणून वाचकाने अधिक सावध असायला हवे.

या लिपीचे दुखणे साधे आहे. सिंधू लेख फार तोकडे आहेत: सरासरी पाच चिन्हांचे, सर्वांत लांब लेखही सव्वीस चिन्हांचा. द्वैभाषिक लेख सापडलेला नाही. एवढ्याशा मजकुराला लागणाऱ्या किल्ल्या शेकड्यांनी करता येतात, पण तपासायला मोठे कुलूप नाही. २००४ साली फार्मर, स्प्रोट आणि विट्झेल यांनी तर ही भाषा लिहिणारी लिपी नसावीच, असे मत मांडले.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर हेन्री हेरास यांनी ही भाषा द्राविडी मानून शेकडो लेख अखंड वाक्यांसारखे वाचले. १९५३ साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांची वाचने आज कोणी स्वीकारत नाही. पण त्यांचा एक तर्क टिकला. माशाच्या चिन्हाचा उच्चार ‘मीन’ असावा आणि द्राविडी भाषांत ‘मीन’ म्हणजे मासाही आणि ताराही. जुन्या तमिळमध्ये कृत्तिकांना ‘सहा मीन’ आणि सप्तर्षींना ‘सात मीन’ म्हणत. सिंधू मुद्रांवर सहा रेघा आणि मासा, सात रेघा आणि मासा अशा जोड्या आहेत. फिनलंडचे आस्को पार्पोला यांनी ‘डिसायफरिंग द इंडस स्क्रिप्ट’ (१९९४) मध्ये हा धागा पुढे नेला. हे पुस्तक मी आदराने वाचतो, कारण एवढे करूनही ते पूर्ण उलगड्याचा दावा करत नाही. किल्ली एक-दोन कुलपांशी कुरकुरली, एवढेच ते सांगते.

त्याच्या शेजारी नटवर झा आणि एन. एस. राजाराम यांचे ‘द डिसायफर्ड इंडस स्क्रिप्ट’ (२०००) ठेवून पाहावे. इथे भाषा वैदिक संस्कृत आहे, सगळे लेख वाचून झाले आहेत आणि स्वर वाचकाने सोयीने भरायचे आहेत. बायबल कोडची मोकळीक ती हीच. शिवाय पुस्तकात घोड्याची मुद्रा होती. हडप्पा संस्कृतीत घोडा होता की नाही, हा वादाचा कळीचा मुद्दा. त्यामुळे ते चित्र मोलाचे. ऑक्टोबर २००० मध्ये ‘फ्रंटलाइन’ पाक्षिकात विट्झेल आणि फार्मर यांनी मूळ छायाचित्रे शेजारी छापली. मुद्रा तुटलेली होती, तिच्यावर प्राण्याचा फक्त मागचा भाग उरलेला होता, आणि तशाच अखंड मुद्रांवर दिसतो तो एकशिंगी बैल. इव्हान्सला शिंगरू दिसले तरी घ्यायचे नव्हते. इथे घोडा नसताना हवा होता.

या पार्श्वभूमीवर इरावतम् महादेवन यांचा १९७७ चा ग्रंथ मला फार मोठा वाटतो. ते सनदी अधिकारी होते; लिपीविद्या त्यांनी स्वतःच्या बळावर मिळवली. त्यांच्या ग्रंथात उलगडा नाहीच. ४१७ चिन्हांची यादी, प्रत्येक लेख, प्रत्येक चिन्ह कुठे, कोणाच्या शेजारी, किती वेळा येते याची कोष्टके आहेत. त्यांची स्वतःची मते होती, पण ती त्यांनी या कोष्टकांत मिसळली नाहीत. म्हणून त्यांच्याशी मतभेद असणाराही त्यांचेच कोष्टक वापरतो. कोबरबाईंच्या सिगारेटच्या खोक्यांचा हा भारतीय भाऊ.

दार उघडल्यावर आत काय असते?

मराठीला स्वतःच्या सांकेतिक लिपीचा अनुभव आहे, याचा या चर्चेत सहसा विसर पडतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा लिप्यांत लिहून ठेवले, म्हणजे अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची फोड मराठी वाचकांपुढे मांडली. हा उलगडा लिनियर बीच्या जातीचा नव्हे, हे सांगितले पाहिजे: भाषा ज्ञात होती आणि पंथातल्या जाणत्यांना लिपी अवगत होती. पण आपल्या कसोटीला तो पूर्ण उतरतो. एका पोथीवरून केलेली सारणी दुसऱ्या पोथीला लागली, तिसरीला लागली आणि प्रत्येक पानावर सरळ मराठी निघाली. पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्या संपादनांतून ‘लीळाचरित्र’ सर्वांच्या हाती आले.

आणि त्या पडद्याआड होते काय? चक्रधरस्वामींचे चालणे, बोलणे, जेवणखाण, शिष्यांचे रुसवेफुगवे, वाटेत भेटलेली माणसे. तेराव्या शतकातली बोलती मराठी. लिनियर बीच्या पाट्यांतही महाकाव्य निघाले नाही. मेंढरे, गहू, कांसे आणि कानांची भांडी निघाली. बाजारातली पुस्तके दडलेल्या अर्थातून जगाचा शेवट, लुप्त विज्ञान किंवा राजघराण्याचे रहस्य काढून देतात. खरी कुलपे उघडली की आत बहुधा माणसांचा संसार असतो. म्हणून एखाद्या उलगड्यातून नेमके तेच निघाले, जे उलगडणाऱ्याला आधीपासून हवे होते, तर मला धास्ती वाटते.

बाहेरच्या माणसाची जबाबदारी

जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सिंधू लिपी उलगडणाऱ्यासाठी दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. यातून वह्यांचा पूर येणार हे निश्चित. माझ्यासारख्याकडेही अधूनमधून कोणी आपले उत्तर वाचायला देते. ही माणसे निवृत्त असतात, कष्टाळू असतात, बहुधा एकटी असतात. त्यांची थट्टा करणे मला जमत नाही. मायकेल कोह यांच्या ‘ब्रेकिंग द माया कोड’ (१९९२) मध्ये याचे दुसरे टोक दिसते. एरिक थॉम्प्सन या दिग्गजाच्या दबदब्यामुळे, लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ साली मांडलेली माया लिपीची ध्वन्यात्मक किल्ली कित्येक वर्षे पाश्चात्त्य अभ्यासकांच्या उंबऱ्याबाहेर राहिली. अधिकाराने नाकारले म्हणजे चूक, असे ठरत नाही.

पण अधिकाराने नाकारले म्हणजे बरोबर, असेही ठरत नाही. आणि वह्यांतले बरेच युक्तिवाद नेमके तिथेच येऊन थांबतात. व्हेंट्रिस बाहेरचा होता, पण त्याने एकट्याने कोंडून घेऊन काम केले नाही. आपल्या चुकांसकट टिपणे विरोधकांच्याही हाती दिली. महादेवन बाहेरचे होते, पण त्यांनी इतरांना आपले खंडन करता येईल अशी साधने छापली. स्वयंशिक्षित माणसाला परीक्षक नसतो. तो त्याला स्वतः उभा करावा लागतो. म्हणून वही घेऊन येणाऱ्याला मी एवढेच सुचवतो: लेखांपैकी निम्मे आत्ताच बाजूला काढा, उघडूसुद्धा नका. उरलेल्या निम्म्यांवरून किल्ली बनवा. मग बाजूला ठेवलेले काढा, नियमात एक अक्षरही न बदलता ती लावा, आणि जे निघेल ते, निरर्थक असले तरी, तसेच्या तसे लिहून आणा.